पान दोनशे अकरा

आमच्या वाचनालयात त्या पुस्तकाची एकच प्रत.
मंगळवार, शुक्रवार, दोन ते सहा,
कर्लिंगच्या रिंकमागची खोली.
हीटर तापायला वेळ घेतो, म्हणून मी दीडलाच येते.

हॅलिफॅक्सपासून व्हँकुव्हरपर्यंत
एकटा माणूस, जुनी निळी गाडी,
तीनशे चाळीस पानं.
त्यात एल्डर फोर्कची दीड वाक्यात बोळवण:
‘कॉफी पातळ, वारा जाड. पेट्रोल भरलं आणि’
यापुढचं अर्धं वाक्य
पुढच्या गावाचं.

आम्ही एकशे ब्याण्णव जण.
वसंतापर्यंत जवळजवळ सगळ्यांचं वाचून झालं.

ओरेस्ट हाव्रिलुकनं एलेव्हेटरवर चाळीस वर्षं गहू तोलला,
पुस्तकही तोलूनच परत आणलं.
‘ब्रँडनहून साडेसातला निघाला म्हणतो,
इथे दहाला पोचला म्हणतो.
आपलं घड्याळ तासभर मागं, तेही धरलं मी.
त्या गाडीत? ऑक्टोबरात, समोरून वारा असताना?
एक तर घड्याळ खोटं, नाहीतर माणूस.’
आणि लगेच पुन्हा आपल्याच नावावर लावून घेतलं.
अजून चुका मोजायच्या राहिल्यात म्हणे.

थेल्मा फ्रीझनला दिसत नाही. भाची वाचून दाखवते.
प्रत्येक मुक्कामाला तिनं काटा खाली ठेवला असणार,
कारण निरोप आला तो असा:
‘पदार्थांची नावं सगळी आहेत,
वाढणारीचं एकही नाही.’

शाळेच्या बसवाला नील म्हणतो झकास आहे,
त्याला झोप लागते.

नोरीन पेल्टियर काही बोलली नाही.
पुस्तक ठेवलं, हातमोजे घातले, गेली.
पान एकशे अठ्ठ्याण्णववर
‘मैलोन्मैल रिकामी जमीन’ याच्याखाली
पेन्सिलीची बारीक रेघ, आणि शेजारी:
कोणी केली?

पेन्सिलीचं सगळं पुसायचं, असा नियम आहे.
मी पुसलं.
कोणाचा तरी फोन नंबर, लोणच्यातल्या मिठाचं प्रमाण,
पान नव्वदवरची शिवी.
एकशे अठ्ठ्याण्णववर आले
आणि रबर कुठे ठेवलं ते सापडेना.
अजून सापडलेलं नाही.

सगळ्यात सावकाश वाचलं मारिसेल दुमालागननं.
मोटेल तिचं, पंप तिचा, कॉफीही तिचीच.
रात्रीची पाळी संपली की आठ पानं,
जड शब्द पावतीच्या मागे उतरवून.
जूनमध्ये आली.
‘पातळ नव्हती,’ म्हणाली. कॉफीबद्दल तेवढंच.
मग पिशवीतून मोटेलची नोंदवही काढून
माझ्यासमोर उघडली.

खोली चार. गाडी निळी.
रात्री तीन.

‘बर्फ होता का?’ मी विचारलं.
‘रस्ता मोकळा होता.
रोज सकाळी किल्ली परत द्यायचा,
गाडीत जाऊन बसायचा, पट्टा लावायचा.
मी खिडकीतून बघायचे. काच धुक्यानं भरायची.
अर्ध्या तासानं परत यायचा किल्ली मागायला.
दुसऱ्या दिवसापासून मी ती खिळ्याला अडकवलीच नाही.’

‘आणि चौथ्या दिवशी?’
‘चौथ्या दिवशी परत आला नाही.
टेबलावर खोलीच्या भाड्याहून चाळीस डॉलर जास्त होते.’

तिनं नोंदवही मिटली.
‘पुस्तक चांगलं आहे,’ म्हणाली.
‘एवढं लिहायला फार दिवस लागले असतील.’

ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही.
थेल्माला सांगावीशी वाटते अधूनमधून;
किमान एका वाढणारीचं नाव तिला कळेल.

काल शुक्रवार. साडेपाचला ओरेस्ट आला,
कानामागे पेन्सिल, हातात चौकटींची वही,
त्यात अटलांटिकपासूनचे सगळे आकडे.
‘वेग सोड,’ म्हणाला, ‘तारखाच जुळत नाहीत.
तीन दिवस कमी पडतायत.
कुठे सांडले असतील गं?’

मी शिक्का शाईत बुडवला,
पुढची तारीख मारली
आणि पुस्तक त्याच्याकडे सरकवलं.